सडक्या अंड्यांचा वास आणि नवसागराचं कोडं

खाडीकाठच्या तिवरांत हातभट्टीवर छापा, अमुक इतके लिटर 'नवसागरमिश्रित रसायन' जागीच ओतून नष्ट. मुंबई-ठाण्याच्या वर्तमानपत्रांत ही बातमी वरचेवर येते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ॲसिडनं भरलेले ड्रम उभे राहतात. प्रत्यक्षात त्या ड्रममध्ये असतं ते गुळाचं आंबवलेलं पाणी. आणि नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो आणि भसकन धूर उठतो, तीच ही पूड.

पण गुळाच्या पाण्यात कल्हईच्या पुडीचं काय काम? 'दारू कडक व्हावी म्हणून घालतात' हे नेहमीचं उत्तर. ते चूक आहे. खरं उत्तर सापडतं ते आंबवण बिघडलं की येणाऱ्या एका वासात, सडक्या अंड्यांच्या वासात.

घरी दारू गाळणं हा महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. म्हणून पुढची मापं गुळाच्या व्हिनेगरची, म्हणजे सिरक्याची आहेत. व्हिनेगरचा पहिला टप्पा आणि भट्टीवरच्या ड्रममधला टप्पा एकच: यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. त्यामुळे वास तेच आणि त्यांची कारणंही तीच.

पाच लिटर पाणी उकळून गार करायचं. उकळल्यानं नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. त्यात ६०० ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्यायचा. दोन लिंबांचा रस घालून पीएच पट्टीवर आकडा ४ ते ४.५च्या दरम्यान आणायचा. बेकरीचं कोरडं यीस्ट एक चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून सोडायचं. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, पाऊणच भरलेली. झाकण सैल हवं, आणि हे गंभीरपणे घ्यावं: एवढ्या गुळातून सव्वाशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. घट्ट फिरकीची बाटली तो दाब सोसत नाही, फुटते.

दुसऱ्या दिवशी बरणीवर फेस डोलत असतो आणि नेमका तेव्हाच, अनेकदा, तो वास येतो. घरातले म्हणतात, 'सडलं, फेकून द्या.' पण सडलेलं काहीच नसतं. यीस्ट उपाशी असतं.

गुळाच्या पाण्यात साखर भरपूर असते. पण साखरेतून मिळते ती ऊर्जा. पेशीला नवी पेशी घडवायची तर प्रथिनं हवीत, प्रथिनांसाठी अमायनो आम्लं आणि त्यांच्यासाठी नायट्रोजन, शेतकऱ्याच्या भाषेत नत्र. गुळात ते नावापुरतं असतं आणि पांढऱ्या साखरेत तर शून्यच. द्राक्षाचा रस आंबवणारे लिटरमागे किमान १४० मिलिग्रॅम नत्र असावं असा हिशेब धरतात.

आता गंधक. मेथिओनिन आणि सिस्टीन या दोन अमायनो आम्लांत गंधक असतं. यीस्ट ते पाण्यातल्या सल्फेटमधून मिळवतं. सल्फेट फार स्थिर, सहजी हलत नाही, म्हणून आधी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून त्याला 'जागं' करावं लागतं. मग दोन इलेक्ट्रॉन देऊन त्याचं सल्फाइट होतं आणि आणखी सहा इलेक्ट्रॉन देऊन सल्फाइड. एवढ्याशा पेशीनं आठ इलेक्ट्रॉन मोजून हा कच्चा माल तयार केलेला असतो. शेवटच्या पायरीवर ओ-ॲसिटाइल होमोसेरीन नावाचा रेणू हा सल्फाइड उचलतो आणि त्यातून पुढे मेथिओनिन बनतं. मालगाडी शेवटच्या स्टेशनात यावी आणि हमालानं माल उतरवून घ्यावा, तसं हे काम आहे.

गोम इथे आहे. हा हमाल स्वतः नत्रापासून बनतो. नत्र संपलं की हमाल नाही. गाड्या मात्र येतच राहतात, कारण 'माल पोचला, आता थांबवा' हा निरोप देतं ते मेथिओनिन, आणि तेच तयार होत नसतं. निरोप नाही म्हणून पेशी सल्फेट फोडण्याचा वेग वाढवते, सल्फाइड साचतो आणि हायड्रोजन सल्फाइड बनून पेशीबाहेर पडतो. माणसाच्या नाकाला तो लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमलाही कळतो. पाच लिटरच्या बरणीत मिठाच्या एका कणाहून कमी वजनाचा वायू विरघळलेला असला, तरी घरभर अंडी सडल्याचा भास होतो!

नवसागराचं कोडं इथे सुटतं. अमोनियम क्लोराइडच्या वजनाचा २६ टक्के भाग नत्र आहे, आणि अमोनियमच्या रूपात असल्यानं यीस्ट ते थेट उचलतं. नवसागर पडला की पेशींना हमाल मिळतात, वास थांबतो, फेस जोर धरतो आणि आंबवण काही दिवस आधी पुरं होतं. भट्टीवाल्यांना रसायनशास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती, चार दिवसांचा फरक डोळ्यांना दिसत होता. ड्रममध्ये टॉर्चचे जुने सेल टाकल्याच्या बातम्या येतात, त्याचा उलगडाही बहुधा हाच. जुन्या धर्तीच्या कोरड्या सेलमधला लगदा अमोनियम क्लोराइडचाच असतो. फक्त त्याच्यासोबत जस्त, मँगनीज आणि जुन्या सेलमध्ये पाराही येतो.

म्हणून घरच्या बरणीत नवसागर घालावा का? नाही. बाजारातली पूड कल्हईच्या कामाची असते, खाण्याच्या प्रतीची नसते. शिवाय यीस्ट अमोनियम आत घेताना आम्ल बाहेर सोडतं आणि क्लोराइड ते आम्ल सावरून धरत नाही, त्यामुळे पीएच घसरतो आणि आंबवण अडून बसतं. खाद्य प्रतीचं डायअमोनियम फॉस्फेट मिळालं तर पाच लिटरला साडेतीन ग्रॅम पुरेसं होतं. यीस्ट सोडल्यावर बारा तासांनी त्यातलं निम्मं घालावं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. खताच्या गोणीतलं डीएपी चालत नाही, त्यात कॅडमियमसारख्या धातूंची भेसळ असू शकते. युरिया तर कधीच घालू नये. युरिया आणि अल्कोहोल यांच्यातून एथिल कार्बामेट बनतं आणि ते कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता मानली जाते.

सर्वांत साधा उपाय बेकरीच्या यीस्टचाच. तीन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम कोरडं यीस्ट कपभर पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळून मारायचं, गार करून बरणीत ओतायचं. जिवंत यीस्ट मेलेल्या भाईबंदांवर जगतं. त्या दहा ग्रॅममध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम नत्र असतं. सगळं हाती लागत नाही, पण बरोबर ब जीवनसत्त्वंही येतात. मात्र वेळ साधायला हवी. फेसाचा जोर ओसरल्यावर दिलेला खाऊ वाया जातो, कारण अल्कोहोल वाढलं की पेशींना अमोनियम आत ओढता येत नाही आणि उरलेलं नत्र नको त्या जिवाणूंच्या पोटात जातं.

इतकं करूनही वास हटत नसेल तर गूळ बघावा. पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसायला छान, पण तो रंग अनेकदा गुऱ्हाळात रंग उजळायला घातलेल्या हायड्रॉस नावाच्या गंधकयुक्त पावडरीचा असतो. तिच्यातून गुळात सल्फाइट उरतं. यीस्टच्या दृष्टीनं हा अर्ध्या वाटेवर येऊन थांबलेला माल. सल्फेटला जागं करायचा खर्च नाही, तिथलं नियंत्रणही नाही, सरळ सल्फाइड. व्हिनेगरला तपकिरी, मऊसर, ओबडधोबड ढेप बरी.

मुंबईत दुसरा शत्रू म्हणजे उकाडा. साखर आंबताना उष्णता निघते, किलोमागे सुमारे साडेपाचशे किलोजूल. किलोभर साखर पाच लिटर पाण्यात असेल आणि ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर पाणी २६ अंशांनी तापेल. लहान बरणीतून ती भिंतींवाटे निघून जाते, पण दोनशे लिटरच्या ड्रमच्या पोटात अडकते. मे महिन्यात खोलीतच ३२-३३ अंश असतात. तापलेलं यीस्ट झपाट्यानं वाढतं, त्याला नत्र जास्त लागतं आणि जड अल्कोहोलं जास्त बनतात. थिनरसारखा उग्र दर्प येतो तो त्यांचा. नागपूरकर ओल्या फडक्यानं माठ गार करतात, ती युक्ती इथे अर्धीमुर्धीच चालते, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंद असतं. बरणी पाण्याच्या टबात ठेवावी आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली सकाळ-संध्याकाळ बदलत राहावी. २५ ते २८ अंश उत्तम.

बाकीच्या वासांचा निकाल लवकर लावता येतो. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. काम अपुरं आहे, थांबावं. नेलपॉलिशचा वास म्हणजे एथिल ॲसिटेट. पहिल्या दिवसांत आला तर रानटी यीस्ट शिरलं. व्हिनेगरच्या, म्हणजे अल्कोहोलचं आम्ल होण्याच्या, टप्प्यात मधेच आला तर घाबरू नये, अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही हजर असल्याची ती खूण आहे. अल्कोहोल संपलं की जातो. रेंगाळला तर भांडं जास्त रुंद तोंडाचं घ्यावं, हवा कमी पडते आहे. आंबूस ताकासारखा वास लॅक्टिक जिवाणूंचा, चालून जातो. मात्र खवट लोणी किंवा ओकारीसारखी दुर्गंधी आली तर ते ब्युटिरिक आम्ल, आणि बरणी रिकामी करणं एवढंच उरतं. पीएच सुरुवातीलाच ४.५च्या खाली आणायचा तो या जिवाणूंना दार बंद करण्यासाठी. रंगीत, केसाळ बुरशी दिसली तरीही फेकावं, वरचा थर काढून भागत नाही.

वास घेण्याची रीतही सांभाळावी. हायड्रोजन सल्फाइडनं नाक लवकर बधिर होतं, म्हणून बाल्कनीत जाऊन मोकळ्या हवेत दोन मिनिटं थांबून मग हुंगावं. गटारांत उतरणाऱ्या कामगारांचा जीव घेणारा वायू हाच. तिथे तो इतका दाट असतो की नाक वास देणंच बंद करतं आणि धोका टळल्यासारखा वाटतो. बरणीतलं प्रमाण त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

वास लवकर घालवला नाही तर प्रकरण चिघळतं. हायड्रोजन सल्फाइड पुढे मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त संयुगांमध्ये अडकतो, मग कांदा किंवा जळकं रबर नाकाला लागतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत बरणी ढवळली, या भांड्यातून त्या भांड्यात ओतली तर वायू उडून जातो. मर्कॅप्टन झाल्यावर हवा दिली तर त्याचं डायसल्फाइड होतं. वास गेल्यासारखा वाटतो आणि काही आठवड्यांनी परत येतो.

दारू गाळण्याच्या जगात या गंधकावरचा जुना तोडगा म्हणजे तांबं. गोव्यात फेणीचं भाण, म्हणजे ती गाळायचं भांडं, आणि स्कॉटलंडमधली व्हिस्कीची भांडी तांब्याची असतात, त्यात उष्णता वाहून नेण्याइतकाच हाही फायदा आहे. तापलेली वाफ तांब्याला लागली की गंधक काळ्या कॉपर सल्फाइडच्या रूपात भिंतीलाच चिकटून राहतं. डायसल्फाइड मात्र तांब्याच्या हाती लागत नाही. आणि हे वाचून कुणी व्हिनेगरच्या बरणीत तांब्याचा तुकडा टाकू नये. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं हे घरोघरी माहीत आहे. व्हिनेगर त्याहून आंबट, त्यात तांबं जास्त विरघळेल आणि पोटात मळमळेल. भट्टीवर आणखी एक वास भेटतो, डोळ्यांतून पाणी काढणारा, कढईत तेल जळल्यासारखा. तो ॲक्रोलिन. जिवाणूंनी ग्लिसरॉलवर केलेल्या कामातून तो गरम करताना तयार होतो. त्यावर इलाज नाही.

व्हिनेगरकडे परत येऊ. पाच-सात दिवसांत फेस बसला की वरचं पाणी नळीनं काढून घ्यावं, गाळ मागे ठेवावा. मेलेलं यीस्ट तळाशी कुजू लागलं की वास पुन्हा उपटतो. चार लिटरला एक लिटर जिवंत, म्हणजे अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू शाबूत असलेलं, न तापवलेलं व्हिनेगर मिसळावं, तोंडावर मलमलीचं दुहेरी फडकं बांधावं, म्हणजे चिलटं आत जात नाहीत. चार ते सहा आठवड्यांत तयार होतं. या टप्प्यात खेळत्या हवेनं उरलासुरला हायड्रोजन सल्फाइडही निघून जातो.

एक गैरसमज मात्र जीवघेणा आहे, तो असा की विषारी दारू वासानं किंवा काडी लावून ओळखता येते. मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्हींची ज्योत निळसर, मिथेनॉलची तर दिवसाउजेडी दिसतही नाही. वासात फरक इतका कमी की मिश्रणात तो नाकाला सापडत नाही. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं. ते मिथेनॉल गुळातून आलं नव्हतं, येऊच शकत नाही. आंबवणात मिथेनॉल बनतं ते फळांतल्या पेक्टिनपासून, तेही थोडंसं, आणि गुळात पेक्टिन नसल्यातच जमा आहे. नवसागरानंही कुणी मेलं नाही; तो क्षार आहे, आम्लयुक्त पाण्यात वाफेबरोबर वर जात नाही, मागेच राहतो. 'पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं' हेही खोटं. ते ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८ अंशांना, पण पाण्याच्या मिश्रणात ते शेवटच्या धारेपर्यंत थोडं थोडं येत राहतं.

शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो, म्हणून लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात: पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुकं. तोवर माणूस 'उतरली नाही अजून' म्हणून झोपवून ठेवलेला असतो. दिसणं धूसर झालं की तडक रुग्णालय गाठावं आणि काय प्यायलं ते डॉक्टरांपासून लपवू नये. उतारा फोमेपिझोल या औषधाचा किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या इथेनॉलचा असतो, गरज पडली तर डायलिसिस, आणि डोळे वाचणं त्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं.