रेषेची जाडी (संगणकीय आरेखन)

संगणकीय आरेखनात, म्हणजे कॅडमध्ये, काढलेली रेघ, वर्तुळ, कंस किंवा बहुभुज कागदावर किती जाड छापला जावा हे ठरवणारा गुणधर्म. पुण्यातल्या वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या डिझाइन विभागांत याला ‘लाइनवेट’ म्हणतात. ही जाडी कागदावरच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. भिंत नऊ इंची असो वा साडेचार इंची, तिची कड ०.५ मिमीने दाखवायची की ०.२५ मिमीने, हे भिंतीच्या मापावरून ठरत नाही. ती कड नकाशात काय सांगते, यावरून ठरते.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याची मापे घेऊन प्लॅन काढायचा आहे असे धरू. प्लॅन हा साधारण खिडकीच्या उंचीवर घेतलेला आडवा छेद असतो. त्यात कापल्या गेलेल्या भिंती आणि लाकडी खांब सर्वांत जाड येतात. चौकातली पायरी, हौदाचा काठ, ओट्याची कड हे खाली दिसणारे भाग मध्यम. फरशीचे सांधे आणि मापांच्या रेघा सर्वांत बारीक, तर डोक्यावरच्या तुळया तुटक रेघेने. हा क्रम चुकला की ओट्याची कड भिंतीसारखी दिसू लागते, आणि प्रिंट हातात घेतलेला साइटवरचा मिस्त्री ती भिंतच समजतो. चांगल्या जाड्यांनी नकाशा देखणा होतो हे खरेच, पण त्यांचे पहिले काम वाचणाऱ्याची फसगत टाळणे हे आहे. यंत्रभागांच्या ड्रॉइंगला बहुधा दोनच जाड्या पुरतात: दिसणाऱ्या कडांना जाड रेघ, आणि मापरेषा, मध्यरेषा व हॅच (भाग भरण्याच्या तिरप्या रेघा) यांना तिच्या निम्मी.

प्रमाणित जाड्या ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०, १.४ आणि २.० मिमी अशा आहेत. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी. ए३, ए४ या कागदांच्या बाजूंतही हेच गुणोत्तर असते. त्यामुळे ए३वरचे ड्रॉइंग ए४वर लहान केले की ०.५ची रेघ ०.३५ची होते आणि मालिकेतच राहते. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढण्याच्या काळात पेनांवर याच जाड्यांचे ठरलेले रंग असत: ०.३५ला पिवळा, ०.५ला तपकिरी, ०.७ला निळा.

ऑटोकॅड हे कॅडचे सॉफ्टवेअर १९८२मध्ये आले, पण आकाराला स्वतःची जाडी देण्याची सोय त्यात ‘ऑटोकॅड २०००’ या आवृत्तीपासून झाली. त्याआधी जाडी रंगावरून ठरे. प्लॉटरला, म्हणजे नकाशे छापणाऱ्या यंत्राला, वेगवेगळ्या जाडीचे पेन लावलेले असत. लाल रेघा एका पेनाने उमटत, पिवळ्या दुसऱ्याने. ते पेन गेले, तरी रंगावरून जाडी ठरवण्याची पद्धत सीटीबी फायलींच्या (कोणत्या रंगाला किती जाडी हे सांगणाऱ्या) रूपाने टिकून आहे. अशी फाइल सोबत न देता नुसते ड्रॉइंग प्लॉटिंगच्या दुकानात पाठवले, तर जाड्या भलत्याच उमटू शकतात. पीडीएफ करून पाठवणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय. त्यात जाड्या आधीच ठरून जातात.

जाडी देण्याची योग्य जागा म्हणजे लेअर, म्हणजे ड्रॉइंगमधले वेगवेगळे थर. भिंती, दरवाजे, मापे यांचे वेगळे लेअर करून प्रत्येकाला जाडी द्यावी आणि आकारांचा गुणधर्म ‘बायलेअर’ (लेअरप्रमाणे) ठेवावा. एकेक रेघ निवडून तिला जाडी देता येते, पण दुसऱ्याला ते ड्रॉइंग दुरुस्त करावे लागले की त्याचे हाल होतात. ऑटोकॅडमध्ये ० ते २.११ मिमीपर्यंतच्या ठरावीक जाड्या मिळतात. काहीच न सांगितल्यास ०.२५ धरली जाते. शून्य जाडी दिली म्हणून रेघ नाहीशी होत नाही, छापणाऱ्या यंत्राला जमेल तितकी बारीक येते. जाडी देऊनही पडद्यावर फरक दिसत नसेल, तर खालच्या पट्टीवरचे लाइनवेटचे बटण बहुधा बंद असते. ते चालू केले तरी मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे जिथे आकार काढतात तिथे, जाडी पिक्सेलमध्ये दिसते, झूम केल्याने वाढत नाही. खरा अंदाज लेआउटमध्ये (छापायच्या कागदाच्या मांडणीत) किंवा प्रिंट प्रिव्ह्यूमध्येच येतो.

पॉलिलाइनची, म्हणजे अनेक तुकड्यांच्या एकसंध रेघेची, रुंदी ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘पीएडिट’ या आज्ञेने दिलेली रुंदी ड्रॉइंगच्या मापात असते, म्हणून झूमबरोबर वाढते. १:१०० प्रमाणात कागदावर अर्धा मिमी हवा असेल तर रुंदी ५० मिमी द्यावी लागते. तेच ड्रॉइंग १:५०ला छापले की रेघ दुप्पट जाड येते. शिवाय वर्तुळाला अशी रुंदी थेट देता येत नाही, त्यासाठी ‘डोनट’ ही जाड कडेचे वर्तुळ काढणारी आज्ञा वापरतात. जाड चौकट किंवा बाण यांसाठी रुंदी ठीक, भिंतींसाठी नव्हे.

पुणे महापालिकेकडे बांधकाम परवानगीसाठी जाणाऱ्या नकाशात हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. विकास नियंत्रण नियमांनुसार प्लॉटची हद्द जाड काळी, प्रस्तावित काम लाल आणि पाडायचे काम पिवळ्या हॅचने दाखवायचे असते.

रेव्हिट या इमारतींच्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटरऐवजी १ ते १६ असे क्रमांक असतात आणि प्रत्येक क्रमांकाची जाडी नकाशाच्या प्रमाणानुसार बदलते, म्हणून १:२०० आणि १:५० या दोन्ही नकाशांत तोल राहतो. आर्किकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने पेनांची कल्पनाच पुढे चालवली आहे.

लेझर कटरवर मात्र जाडीचा अर्थच बदलतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. अशा कार्यशाळांतल्या काही लेझर यंत्रांना केसाइतकी बारीक रेघ मिळाली की ती यंत्रे तिच्यावरून कापतात, आणि तीच रेघ जाड केली की फक्त वरवर कोरतात.