अ‍ॅजाइल कोच आला कुठून?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्यं आहेत, १२ तत्त्वं आहेत. कोचचा उल्लेख मात्र कुठेच नाही. टीमने ठरावीक काळाने थांबावं, आपलं काम कसं चाललंय ते बघावं आणि सुधारणा करावी, एवढंच तो सांगतो. ही जबाबदारी टीमचीच. मग टीमसोबत कोच नावाचा वेगळा माणूस कधी आला, आणि त्याला नेमकं काय यायला हवं हे कुणी ठरवलं?

कोच जाहीरनाम्याच्या आधीपासून होता, पण तो आजच्यासारखा नव्हता. क्रायस्लर कंपनीत पगाराच्या नव्या सॉफ्टवेअरचं काम रखडलं होतं. १९९६ मध्ये ते सॉफ्टवेअर तज्ज्ञ केंट बेक यांच्याकडे आलं आणि त्यांनी रॉन जेफ्रीज यांना टीमचा कोच म्हणून बोलावलं. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत नावारूपाला आली ती याच प्रकल्पातून. दोघांनी एका मशीनवर बसून कोड लिहायचा, आधी टेस्ट लिहायची आणि मग कोड, सगळ्यांचं काम सतत एकत्र जोडत राहायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत शेजारी बसणारा, स्वतः कोड लिहू शकणारा अनुभवी माणूस म्हणजे कोच. १९९७ मध्ये त्या सॉफ्टवेअरवर सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार निघू लागले. २००० मध्ये कंपनीने प्रकल्प बंदही केला. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचं कौतुक करताना ही दुसरी गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत.

स्क्रम, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) टीमने काम करण्याची पद्धत. तिची वाट निराळी. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन अशा कंपन्यांमधल्या नव्या उत्पादनांच्या टीम अभ्यासल्या आणि त्यांच्या कामाला रग्बीची उपमा दिली. जेफ सदरलंड यांनी १९९३ मध्ये ईझल या सॉफ्टवेअर कंपनीत त्यावर आधारलेली टीम उभी केली. केन श्वाबर आणि त्यांनी मिळून १९९५ मध्ये ऑस्टिनच्या परिषदेत स्क्रम मांडलं. त्यात स्क्रम मास्टर ही भूमिका होती: त्याने टीमचे अडथळे दूर करायचे आणि पद्धत नीट पाळली जातेय ना हे बघायचं. त्याला कोड यायलाच हवा, अशी अट नव्हती. पुढे स्क्रम मास्टरचं प्रमाणपत्र दोन दिवसांच्या वर्गात मिळू लागलं, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यासाठी परीक्षाही नव्हती. पद्धत झपाट्याने पसरली याचं मोठं श्रेय या सोयीला जातं. पण मोठ्या संख्येने लोक असे तयार झाले की ज्यांना बैठका कशा घ्यायच्या हे माहीत होतं आणि टीम अडली की काय करायचं हे नव्हतं.

ही पोकळी भरायला जे कौशल्य आलं ते सॉफ्टवेअरमधलं नव्हतंच. त्याचं मूळ टेनिसच्या मैदानावर होतं. टिमथी गॅल्वे यांनी १९७४ मध्ये मांडलं, की खेळाडूला सतत सूचना दिल्या की तो बिघडतो. त्याचं लक्ष योग्य जागी वळवलं तर तो स्वतःच शिकतो. एकेकाळचे मोटाररेसर जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार उद्योगजगतात नेला. ध्येय काय, सध्याची स्थिती काय, पर्याय कोणते, आता काय करणार, या क्रमाने प्रश्न विचारायची रीत त्यांच्यामुळे सर्वदूर गेली. १९९५ मध्ये व्यावसायिक कोचची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. लिसा अ‍ॅडकिन्स यांनी २०१० च्या आसपास हे सगळं अ‍ॅजाइल टीमच्या दारात आणलं. मायकेल स्पेड यांच्यासोबत त्यांनी कौशल्यांचा एक आराखडा केला. त्यात शिकवणं, अनुभवातून मार्गदर्शन करणं, बैठक चालवणं आणि उत्तर न देता प्रश्नांतून विचार करायला लावणं, असे चार हात आहेत. शिवाय तांत्रिक, व्यावसायिक किंवा संस्थाबदलाच्या क्षेत्रात प्रभुत्व हवं. आजचे बहुतेक अभ्यासक्रम या आराखड्याचे ऋणी आहेत. प्रत्यक्षात मात्र त्यातला तांत्रिक प्रभुत्वाचा कोपरा सर्वांत आधी ओस पडला. क्रायस्लरमधल्या कोचकडे नेमकं तेच होतं.

टीम उत्तम कशामुळे चालते, यावर मानसशास्त्रज्ञांचं काम स्वतंत्रपणे चालूच होतं, आणि कोच मंडळींनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. ब्रूस टकमन यांचे १९६५ मधले टीमच्या वाढीचे टप्पे प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर येतात. पण ते टप्पे त्यांनी ५० शोधनिबंध वाचून काढले होते, आणि त्यातले बरेचसे मानसोपचारासाठी जमवलेल्या गटांबद्दलचे होते. डेडलाइन असलेल्या टीमबद्दल कॉनी गर्सिक यांचा १९८८ चा अभ्यास जास्त उपयोगी आहे. त्यांनी पाहिलेल्या टीम पायरीपायरीने चढल्या नाहीत. मुदतीच्या साधारण मध्यावर त्यांनी कामाची जुनी रीत सोडून नवी धरली.

रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेजमन यांनी २००५ मध्ये त्यावर पुढचं पाऊल टाकलं. सुरुवातीला टीमला उमेद द्यावी, मध्यावर कामाच्या डावपेचांबद्दल बोलावं आणि शेवटी झालेल्या कामातून काय शिकलो ते काढावं. अवेळी केलेलं कोचिंग वाया जातं. स्प्रिंटच्या शेवटी होणारी रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघण्याची बैठक, या हिशेबात चपखल बसते. स्टँड-अपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, मध्येच टीमला प्रश्न विचारत राहणं मात्र त्यात बसत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी ठामपणे सांगितली: केवळ आपसातले संबंध सुधारण्यावर भर दिल्याने कामगिरी सुधारत नाही. मेहनत, कामाची पद्धत आणि असलेल्या ज्ञानाचा वापर, यांवर बोलायला हवं. चिकटचिठ्ठ्यांवर भावना लिहून घेण्यात तास घालवणाऱ्यांना हे रुचणार नाही.

यातला सर्वांत अडचणीचा निष्कर्ष हॅकमन यांनी पुढे आकड्यांत सांगितला. त्यांच्या अंदाजाने टीमच्या यशात ६० टक्के वाटा ती नेमण्याआधीच्या तयारीचा, म्हणजे नेमकं उद्दिष्ट, योग्य माणसं आणि स्थिर सदस्यत्व यांचा. ३० टक्के वाटा टीमची सुरुवात कशी करून दिली जाते याचा. काम सुरू झाल्यावरच्या कोचिंगला उरतात १० टक्के. हे मोजमाप नाही, अनुभवी संशोधकाचा ठोकताळा आहे. पण झेरॉक्सच्या सेवा टीमवर वेजमन यांनी केलेला अभ्यास त्याच दिशेने बोट दाखवतो: टीमची रचना चांगली असेल तरच चांगलं कोचिंग लागू पडतं. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये टीममधल्या निर्धास्तपणाबद्दल, म्हणजे न घाबरता बोलता येण्याबद्दल, लिहिलं, तेव्हाही रचना आणि नेत्याचं वागणं दोन्ही मोजली होती. टीमच्या बैठकीपुरता उरलेला कोच यातलं काय बदलू शकतो? सदस्य कोण, ते एकाच टीमला पूर्णवेळ दिलेत का, काम कोण ठरवतं, हे निर्णय त्याच्या वरच्या खोलीत होतात.

जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन बँकेने अ‍ॅजाइलची स्वतंत्र पदं रद्द केली. १,१०० हून अधिक लोकांना त्याची झळ बसली, आणि ते काम इंजिनीअर व प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडे गेलं. तेव्हापासून कोचिंग शिकू पाहणाऱ्यांपुढे दोन रस्ते आहेत: टीम कशी नेमली जाते त्या निर्णयांत जागा मिळवायची, किंवा जेफ्रीज यांच्यासारखं पुन्हा कीबोर्डजवळ बसायचं. दोन दिवसांचा वर्ग यातलं एकही शिकवत नाही.