डेसिस: भरतीखालच्या कोळ्यांचे कूळ ठरवताना

भरतीचे पाणी चढले की डेसिस प्रजातीतले (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटातले) कोळी खडकाच्या भेगेत किंवा समुद्री शेवाळाच्या बुडाशी विणलेल्या रेशमी घरात शिरतात आणि आत साठवलेल्या हवेवर तग धरतात. ओहोटीच्या रात्री शिकारीला बाहेर पडतात. जाती पंधराच्या आसपास, पण त्यांचे सोयरे कोण, हा वाद दीर्घकाळ चालला.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ वाल्कनेर यांनी १८३७ मध्ये ही प्रजाती स्थापली. पुढे झेपावलेल्या लांब जबड्यांमुळे त्यांना जमिनीवरच्या डिस्डेरा कोळ्यांची आठवण झाली असावी. जातीला त्यांनी नाव दिले डिस्डेरॉइडिस. १८७० च्या दशकात न्यूझीलंडच्या केप कॅम्पबेलला असाच कोळी सापडला, तेव्हा हेक्टर यांनी त्याला आर्जिरोनेटा म्हटले. आर्जिरोनेटा हा गोड्या पाण्यात हवेचा बुडबुडा बाळगून राहणारा युरोपीय कोळी. राहणी सारखी म्हणून रक्ताचे नाते आहे असे होत नाही. पॉवेल यांनी लवकरच न्यूझीलंडच्या कोळ्याला डेसिसमध्ये आणले. पोकॉक यांनी १८९५ मध्ये डेसिडी हे स्वतंत्र कूळच उभे केले. त्यांनीच १९०४ मध्ये लक्षद्वीपचा डेसिस गार्डिनेरी नोंदवला, तर मद्रास संग्रहालयाच्या ग्रेव्हली यांनी १९२७ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कृसदाई बेटावरून डेसिस इनर्मिस.

खरी उलथापालथ १९६७ ची. काही कोळ्यांच्या पोटाखाली लोकरीसारखा धागा काढणारी चाळणीवजा पट्टी असते. ती आहे की नाही, यावरून तोवर कोळ्यांचे मोठे गट पाडले जात. लेहटिनेन यांनी दाखवले की ही पट्टी वेगवेगळ्या घराण्यांत अनेकदा नाहीशी झाली आहे. त्यामुळे पट्टी नसलेला डेसिस आणि पट्टी असलेले जमिनीवरचे कोळी एका कुळात येण्याची वाट मोकळी झाली. फॉर्स्टर यांनी १९७० मध्ये न्यूझीलंडचे कितीतरी रानकोळी डेसिडीत घातले. ऑस्ट्रेलियातल्या घरांच्या खिडक्यांत जाळी करणारा बॅडुम्नाही आज याच कुळात आहे. २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे अँफिनेक्टिडी हे अख्खे कूळ त्यात विलीन झाले. समुद्रकाठच्या मूठभर कोळ्यांसाठी काढलेल्या कुळात आता बहुसंख्या जमिनीवरच्यांची आहे, आणि मला हीच या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

खुद्द डेसिसच्या जाती मात्र जुन्या त्रोटक वर्णनांवर विसंबून राहिल्या. २०१७ मध्येच बेअर, रेव्हन आणि हार्म्स यांनी लुडविग कॉख यांची १८७२ ची आणि सिमॉन यांची १९०९ ची अशा दोन जाती नव्याने तपासल्या आणि क्वीन्सलँडच्या पोर्ट डग्लसहून एक नवी जाती जोडली. तिला जमैकाचे गायक बॉब मार्ले यांचे नाव दिले आहे.