टोब्रुक: बंदर खोल, पाणी खारट

लिबियाच्या बातम्यांत त्रिपोलीच्या जोडीने टोब्रुकचं नाव येतं ते २०१४ पासून. त्या वर्षी राजधानीत लढाई पेटली आणि नव्याने निवडून आलेली संसद सरळ रेषेत हजारेक किलोमीटर पूर्वेला, इजिप्तच्या सीमेजवळच्या या गावात भरली. पण टोब्रुककडे जगाचं लक्ष जायची ही काही पहिली वेळ नव्हे.

नकाशा पाहिला की कारण कळतं. जमिनीची एक चिंचोळी पट्टी पश्चिमेकडून पूर्वेकडे समुद्रात घुसलेली, आणि तिच्या आड सुमारे चार किलोमीटर लांबीची खोल खाडी. उत्तरेचं वादळ कितीही उठो, आत जहाजं सुखरूप. लिबियाच्या किनाऱ्यावर असं नैसर्गिक बंदर दुर्मीळच. कमी आहे ती गोड्या पाण्याची. पश्चिमेच्या जबल अल्-अख्दर या हिरव्या डोंगरावर पाऊस पडतो, म्हणून ग्रीकांनी सायरीनसारखं वैभवशाली नगर तिथे वसवलं. टोब्रुकच्या जागी होतं ते ‘अँटिपिर्गोस’ नावाचं साधं ठाणं. आजचं नाव त्यावरूनच आलं, असं मानतात.

बंदराची खरी किंमत केली आरमारांनी. तुर्कस्तानशी युद्ध पुकारून इटलीने ऑक्टोबर १९११ मध्ये ते घेतलं. त्याच डिसेंबरात इथल्या चकमकीत तुर्कांच्या बाजूने मुस्तफा केमाल हा तरुण अधिकारी लढला. आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क तो हाच. इटालियनांनी गावाभोवती सुमारे पन्नास किलोमीटरचं काँक्रीट ठाण्यांचं कडं उभारलं. गंमत अशी की त्याचा उपयोग झाला तो त्यांच्या शत्रूलाच. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४१ मध्ये, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैन्याने गाव घेतलं, एप्रिलमध्ये जर्मन सेनापती रोमेलने वेढा घातला, आणि त्याच कड्याच्या आतली फौज २४१ दिवस तग धरून राहिली. रोमेलला इजिप्तवर चालून जायचं, तर रसदीसाठी हे बंदर हवंच होतं. आतल्यांची रसदही समुद्रातूनच, काळोख्या रात्री विनाशिकांवरून यायची. जर्मन रेडिओने त्यांना ‘उंदीर’ म्हणून हिणवलं. ऑस्ट्रेलियनांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली.

पुढच्या वर्षीचा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने आग्नेयेकडून हल्ला केला. तिथे ११ व्या भारतीय ब्रिगेडमधली २/५ मराठा पलटण होती. आधी विमानांतून बॉम्बवर्षाव, मग तोफा, मग रणगाडे. कडं तिथेच फुटलं. संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरावर होते. दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकन सेनापती क्लॉपरने शरणागती पत्करली आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. चर्चिलला ही बातमी वॉशिंग्टनमध्ये, रूझवेल्टसमोर बसलेले असताना मिळाली. रोमेल फील्ड मार्शल झाला खरा, पण पाचच महिन्यांत, इजिप्तमधल्या एल् अलामेनच्या पराभवानंतर, टोब्रुक त्याच्या हातून गेलं.

स्वतंत्र लिबियाचा राजा इद्रिस याचा मुक्काम बऱ्याचदा इथेच असे. १९६९ मध्ये गद्दाफीने त्याची सत्ता उलथवली. त्याच्या थोडं आधी सरीरच्या वाळवंटातून तेलवाहिनी आली. खाडीच्या दक्षिण काठावर, मर्सा अल्-हरीगाच्या धक्क्याला, आता तेलाची जहाजं लागतात. गावाला मात्र अजूनही समुद्राचं पाणी गोडं करून प्यावं लागतं.