बेलें (लिस्बन)

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील तेजो (टेगस) नदीच्या उजव्या काठावरचा ऐतिहासिक भाग. शहराच्या मध्यापासून सुमारे ६ किमी. पश्चिमेस. ‘बेलें’ म्हणजे बेथलेहेम. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे येथूनच निघाली. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बनचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. बेलेंला त्यामानाने कमी झळ पोहोचली, म्हणून सोळाव्या शतकातील वास्तू येथे आजही पाहता येतात.

ट्राम क्र. १५ जेरोनिमुश मठासमोर थांबते. राजा मॅन्युएल पहिला याने उभारलेल्या या मठाचा खर्च मुख्यतः पूर्वेकडील व्यापारावरच्या सुमारे ५ टक्के करातून, म्हणजे बराचसा मलबारच्या मिरीवर भागला. खांबांवर पिळाचे दोरखंड, गाठी, प्रवाळ असे दर्याचे सारे सामान दगडात कोरले आहे. चर्चमध्ये शिरताच एका बाजूस वास्को द गामाची, तर दुसऱ्या बाजूस कवी कामोंइश याची समाधी आहे. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला; त्याच्या अस्थी नंतर मायदेशी नेण्यात आल्या. मठ सोमवारी बंद असतो. जवळच १८३७ पासून चालत आलेल्या दुकानात पश्तैल (अंडी-दुधाच्या सारणाची खुसखुशीत पुरी) मिळते; ती दालचिनी भुरभुरून गरमच खावी.

नदीकाठी जायचे तर रेल्वे आणि हमरस्ता आडवे येतात. पलीकडचे शोधयात्रांचे स्मारक दिसायला जुने वाटले, तरी ते १९६० चे, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतले आहे. त्यात वसाहतींचा केवळ गौरव आहे, हे गोव्याकडून आलेल्या माणसाला न सांगता कळते.

सर्वांत निवांतपणे पाहावा तो बेलेंचा बुरूज. तो पूर्वी भर नदीत होता ही आख्यायिकाच. मुळात काठाजवळच्या खडकावर बांधला गेला आणि पुढे काठच त्याच्याकडे सरकत आला. बुरजाच्या एका मनोऱ्याखाली गेंड्याचे डोके कोरले आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसु द अल्बुकर्कला (हापूसला याचेच नाव मिळाले, असे मानतात) भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचला, तेव्हा बुरुजाचे काम चालू होते. जर्मन चित्रकार ड्यूररने तो प्राणी प्रत्यक्ष न पाहता, वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचे प्रसिद्ध काष्ठचित्र कोरले. पुढे पोपला नजराणा म्हणून रोमला नेताना जहाज बुडून गेंडा मेला. कोरीव डोके आता इतके झिजले आहे की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही.