चिखलाने जिंकलेली लढाई

लोखंडी चिलखत घालून तुम्ही कधी चिखलात चाललाय का? नाही ना, मीपण नाही. पण ब्रिटनमधल्या लीड्सला काही संशोधकांनी साधारण असाच प्रयोग केला, फक्त चिखल वगळून. पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या हुबेहूब प्रतिकृती, वजन ३० ते ५० किलो, त्या माणसांना घालायला लावल्या, त्यांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं आणि किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं. २०११ मध्ये रिझल्ट छापून आले. नुसतं चालायला दुपटीपेक्षा जास्त एनर्जी! तेवढंच वजन पाठीवर सॅकमध्ये घेतलं तर एवढा दम निघत नाही, कारण इथे पायातच सात-आठ किलो लोखंड असतं आणि प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकावं लागतं. वर छातीवर पत्रा घट्ट आवळलेला, त्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, नुसती धाप लागते.

हे सगळं डोक्यात ठेवा आणि २५ ऑक्टोबर १४१५ ला उत्तर फ्रान्सात या. इंग्लंड आणि फ्रान्समधलं, पुढे 'शंभर वर्षांचं युद्ध' म्हणून ओळखलं गेलेलं भांडण चालू आहे. गावाचं नाव अॅजिनकोर्ट, फ्रेंच लोक आझांकूर म्हणतात. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री आर्फ्लर या फ्रेंच बंदराचा वेढा संपवून इंग्लिशांच्या ताब्यातल्या कॅले बंदराकडे निघालेला, सैन्य उपाशी, त्यात हगवणीची साथ, आणि समोर वाट अडवून फ्रेंच सैन्य उभं. कोणाचे किती होते यावर इतिहासकार अजून भांडतात, पण फ्रेंच जास्त होते एवढं नक्की.

मैदान म्हणजे काय तर दोन बाजूंना झाडी आणि मधे नुकतंच नांगरलेलं शेत. आदल्या रात्रभर पाऊस. काळ्या रानात पावसाळ्यात चप्पल अडकवून बसलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. चिकणमातीचे कण अगदी बारीक आणि चपटे असतात, मधे पाणी शिरलं की घसरतातही आणि चिकटतातही, आणि पाय वर ओढला की खाली हवा शिरायला जागाच नसते, मग माती पाय खाली खेचून धरते.

आधी फ्रेंच घोडेस्वार आले. इंग्लिश तिरंदाजांनी पुढे टोकदार खुंट ठोकले होते, त्यात बाणांचा मारा, जखमी घोडे बिथरून मागे वळले ते थेट आपल्याच पायदळात घुसले. शेत आणखी तुडवलं गेलं. मग त्या राड्यातून चिलखतवाले सरदार दोनशे-तीनशे मीटर चालत आले, मान खाली घालून, कारण शिरस्त्राणाच्या फटीतून बाण आत जाईल ही भीती.

त्या धनुष्यांबद्दल थोडं सांगतोच. यू नावाच्या झाडाचं लाकूड, एकाच काठीत दोन थर: बाहेरचं पांढरं लाकूड ताण सहन करतं, आतलं लालसर लाकूड दाब. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लिश लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावरची १३७ अख्खी धनुष्यं मिळाली, आणि ती ओढायला ४५ ते ८० किलोच्या आसपास जोर लागत असणार असा अंदाज आहे. तरी चांगल्या पोलादी छातीपत्र्यातून बाण सहसा आरपार जात नव्हता. म्हणजे "बाणांनी फ्रेंच संपवले" हे अर्धंच खरं.

खरा घात गर्दीने केला. झाडीमुळे वाट अरुंद, मागचे पुढच्यांना रेटतायत, पुढच्यांना हात उचलायला जागा नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, मग कोण कुठे जाणार हे माणसाच्या हातात राहत नाही (संध्याकाळी दादरला उभं राहून बघा). पडला तो उठला नाही, कितीतरी जण दबून गुदमरून गेले. तेवढ्यात हलक्या कपड्यातले तिरंदाज धनुष्यं टाकून कुऱ्हाडी आणि खुंट ठोकायच्या मोगऱ्या घेऊन आत घुसले. फ्रेंच सरसेनापती शार्ल दाल्ब्रे मेला, मार्शल बूसिको कैद झाला.

आता निर्णायक म्हणाल तर ही लढाई थोडीच वर्षं निर्णायक होती असं मला वाटतं. १४२० च्या त्रुआच्या तहाने हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला, पण १४२२ मध्ये तो ३५ व्या वर्षी वारला, आणि फ्रान्सचा आजारी राजा सहावा शार्ल त्याच्यानंतर दोन महिन्यांच्या आत. वारस उरलं ते हेन्रीचं तान्हं पोर. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क या फ्रेंच सैन्याला बळ देणाऱ्या तरुण मुलीच्या काळात, इंग्लिशांनी ऑर्लेआं शहराला घातलेला वेढा उठला आणि पारडं फिरलं.

शतकभर चाललेलं हे युद्ध प्रत्यक्षात संपलं १७ जुलै १४५३ ला, नैऋत्य फ्रान्समधल्या कास्तियोंला. त्या लढाईचं नाव फार कोणाला माहीत नसतं. तिथे फ्रेंचांनी छावणीभोवती खंदक खणून तोफा मांडल्या होत्या आणि इंग्लिश सेनापती जॉन टॅल्बट त्यावर सरळ चाल करून गेला. त्याचा घोडा कोसळला, तो खाली अडकला आणि तिथेच मारला गेला. म्हातारा टॅल्बट त्या दिवशी चिलखताशिवायच आला होता, पूर्वी फ्रेंचांच्या कैदेतून सुटताना त्यांच्या राजाविरुद्ध पुन्हा चिलखत घालणार नाही असा त्याने शब्द दिला होता म्हणतात.