व्हेपिंग आणि सिगरेट : जास्त धोका कशात?

तंबाखू जाळून त्याचा धूर ओढणं म्हणजे स्मोकिंग, आणि बॅटरीवरच्या यंत्रात निकोटीनचं लिक्विड तापवून त्यातून निघेल ते ओढणं म्हणजे व्हेपिंग. दोन्हीत निकोटीन असतं, दोन्हीत ते फुफ्फुसातून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, पण एकात आग आहे आणि दुसऱ्यात नाही, आणि तब्येतीच्या हिशोबाने सगळा फरक तिथेच सुरू होतो.

कश मारताना सिगरेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. एवढ्या उष्णतेत तंबाखूचं पान नुसतं जळत नाही, त्याची तोडफोड होऊन मुळात पानात नसलेली रसायनं तयार होतात. धुरात ७००० हून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यातली ७० च्या आसपास कॅन्सर करणारी आहेत. सिगरेटचा धूर पांढऱ्या रुमालातून फुंकून बघा, मधोमध पिवळट तपकिरी चिकट डाग पडतो, तेच टार, आणि दिवसाला २० सिगरेटी ओढणाऱ्याच्या छातीत हे असं वर्षानुवर्षं बसत राहतं. वर कार्बन मोनॉक्साइड, जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे हृदयाला जास्त काम आणि कमी ऑक्सिजन असं दोन्ही बाजूंनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने तंबाखू दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मारतो, आणि स्वतः कधीच न ओढता दुसऱ्याच्या धुरामुळे जाणारेही त्यात आहेत.

मायकेल रसेल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसं ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात टारमुळे. व्हेपिंगची सगळी कल्पना या एका वाक्यात आहे, की सवय ज्याची आहे ते द्या आणि मारणारं काढून टाका. आजच्या ई-सिगरेटचं श्रेय बहुतेक वेळा होन लिक या चिनी फार्मासिस्टला देतात, त्याने ती २००३ च्या सुमारास बनवली, तो स्वतः जबरदस्त सिगरेट ओढायचा आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले होते.

व्हेपच्या लिक्विडमध्ये मुख्य चार गोष्टी: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर. आत तारेची छोटी कॉइल आणि तिच्यातून गेलेला कापूस असतो, कापूस लिक्विड शोषतो आणि कॉइल ते तापवते. बाहेर येतं त्याला सगळे वाफ म्हणतात पण खरं तर ते अगदी बारीक थेंबांचं धुकं असतं. यात टार नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही, आणि सिगरेटमधली बरीचशी विषारी रसायनं एकतर नाहीत किंवा खूप कमी आहेत. पण म्हणून ती स्वच्छ हवा झाली असं अजिबात नाही. टाकी संपत आली आणि कापूस कोरडा पडला की एक जळकट, घसा पकडणारा कश येतो, वापरणारे त्याला ड्राय हिट म्हणतात, त्या वेळी ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही विषारी द्रव्यं बरीच जास्त तयार होतात. जुनी कॉइल उघडली तर कापूस तपकिरी काळा झालेला दिसतो. कॉइलच्या धातूतून निकेल, क्रोमियम, कधी शिसंही थोडं थोडं त्या धुक्यात उतरतं. फ्लेवरचं तर वेगळंच, कारण त्यातली बरीच द्रव्यं खाण्यासाठी सुरक्षित मानलेली आहेत, आणि पोट आणि फुफ्फुस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डायअ‍ॅसिटिल हे लोण्याच्या वासाचं द्रव्य खाल्लं तर काही होत नाही, पण पॉपकॉर्नच्या कारखान्यात ते श्वासातून गेलेल्या कामगारांच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या खराब झाल्या, आणि हेच द्रव्य काही व्हेप लिक्विडमध्येही सापडलं.

मग नक्की किती कमी धोका? सगळीकडे फिरणारा आकडा म्हणजे ९५ टक्के कमी, पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने तो २०१५ मध्ये सांगितला. त्यामागे मुख्यतः काही तज्ज्ञांनी एकत्र बसून केलेला अंदाज होता, माणसांवर वर्षानुवर्षं ठेवलेलं लक्ष नव्हतं, आणि त्यावर तेव्हाच जोरदार टीका झाली. माझ्या मते या आकड्याला धरून बसण्यात अर्थ नाही. दिशा मात्र पक्की आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिकांच्या संस्थेने २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की सिगरेट पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्यं कमी होतात. दगडापेक्षा वीट मऊ, हे खरंच आहे, पण ज्याच्या डोक्यावर दगड पडणारच नव्हता त्याने वीट का मारून घ्यायची?

ही तुलना सगळ्यांसाठी एकच नाही आणि गोंधळ नेमका इथेच होतो. २० वर्षं सिगरेट ओढणाऱ्याने व्हेप घेतला तर तो खाली उतरतोय, आणि १६ वर्षांच्या कधीच न ओढलेल्या मुलीने घेतला तर ती शून्यावरून वर चढतेय. वाढत्या वयातल्या मेंदूवर निकोटीनचा परिणाम होतो, लक्ष आणि शिकण्यावर होतो, आणि व्यसनही लवकर लागतं. शिवाय सिगरेट संपते, १०-१२ कशांत थोटूक हातात येतं आणि माणूस थांबतो, व्हेपला असा शेवटच नसतो, उशीखालून काढला, दोन कश मारले, परत ठेवला, दिवसभरात किती झालं याचा हिशोबच राहत नाही. त्यात निकोटीन सॉल्ट, म्हणजे आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटीन, आल्यापासून घशाला टोचणं कमी झालं, त्यामुळे तीव्र निकोटीनसुद्धा सहज ओढता येतं.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करणारी तरणीताठी माणसं धाप लागून हॉस्पिटलात येऊ लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याला एव्हाली असं नाव पडलं. बहुतेकांनी गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य असलेली, बरेचदा इकडून तिकडून मिळवलेली कार्ट्रिज, म्हणजे व्हेपमध्ये बसवायच्या लिक्विडच्या कुप्या, ओढली होती आणि त्यात दाटपणासाठी व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. त्यामुळे एव्हाली दाखवून साध्या निकोटीन व्हेपला सिगरेटच्या बरोबरीचा ठरवणं चुकीचं आहे, पण आत काय भरलंय ते माहीत नसताना ओढणं किती महागात पडतं ते मात्र दिसलं.

सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे दोन्ही चालू ठेवणं, घरात व्हेप आणि बाहेर सिगरेट. माणसाला वाटतं निम्मं तरी कमी केलं, पण हृदय असा हिशोब मानत नाही, दिवसाला फक्त १ सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसाव्या हिश्शाएवढा नसतो.

सोडायला मदत होते का, तर होते. २०१९ मध्ये आलेल्या एका ब्रिटिश चाचणीत वर्षानंतर ई-सिगरेट गटातले १८ टक्के लोक सिगरेटमुक्त होते, निकोटीनचे पॅच-गम वगैरे घेणाऱ्यांतले ९.९ टक्के. पण त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते. आणि व्हेपिंग जेमतेम २० वर्षांचं आहे, फुफ्फुसाचा कॅन्सर उगवायला बरेचदा त्याहून जास्त काळ लागतो, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर आज कुणाकडेच नाही. सिगरेटचं उत्तर मात्र ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं चाललेल्या अभ्यासाने दिलेलं आहे: सिगरेट चालू ठेवणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी झालं, साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली ३ वर्षं परत मिळवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीला ९, आणि तिशीला सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळीच.